आईचा जीव आधी

बुलढाण्याच्या सरकारी कचेरीतले हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांच्या मुलीने, ताराबाईंनी, १८८२ साली पुण्यात एक लहानसं पुस्तक छापून घेतलं. ‘स्त्रीपुरुषतुलना’. प्रती ५००, किंमत नऊ आणे. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मीचं. ही तरुण ब्राह्मण विधवा. नवजात बाळाला मारलं म्हणून १८८१ साली तिला फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रं विधवांच्या चालचलणुकीवर तुटून पडली. ताराबाईंनी उलट विचारलं: तिचं दुसरं लग्न कोणी अडवलं? तिला दिवस गेल्यावर नामानिराळा कोण राहिला? जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली. फुले दांपत्याने पुण्यात अशा विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं होतं ते १८६३ साली.

ताराबाई पुन्हा वाचायला घेतल्या त्या अमेरिकेतल्या बातम्यांमुळे. २४ जून २०२२ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या हक्काचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं. बंदी मागणारे धर्माचं नाव घेत होते. तेव्हा अनेक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, पुढे येऊन म्हणाले, आमचा धर्म असं सांगत नाही. फ्लोरिडात १५ आठवड्यांनंतरच्या बंदीविरुद्ध रब्बी बॅरी सिल्व्हर यांच्या सिनेगॉगने, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराने, त्याच महिन्यात दावा लावला. ही बंदी आमच्या धर्मपालनाच्या आड येते, हा त्यांचा मुद्दा.

त्याला आधार जुना आहे. बायबलच्या निर्गम ग्रंथातला २१वा अध्याय घ्या. मारामारीत गर्भार बाईला धक्का लागून गर्भ पडला तर दंड. बाई दगावली तर जिवाला जीव. ज्यू धर्मनियमांच्या ‘मिश्ना’ या ग्रंथात तर थेट बाळंतपणाची खोलीच उभी आहे. बाई अडली आहे, जीव जाईल अशी अवस्था. मग गर्भ आतच कापून काढावा, कारण आईचा जीव आधी. बाळ अर्ध्याहून अधिक बाहेर आलं की मात्र हात लावायचा नाही. आता दोन जीव सारखे. सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ. सगळे ज्यू एकमताचे नाहीत, सनातनी रब्बी प्रत्येक प्रसंग वेगळा तोलतात. पण आईच्या जिवाचा क्रम कोणी खाली आणत नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे, म्हणजे शनिवार तेल्यांकडे, परंपरेने रब्बी नव्हतेच. प्रार्थना हझ्झान चालवायचे. याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम.डी. होऊन आल्या. १९२५ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत उदारमतवादी ‘ज्युइश रिलिजस युनियन’ सुरू झाली. १९२८ ते १९४७ त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतिणी कशाने मरतात याची तपासणी करून त्यांनी १९४१ साली अहवाल दिला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देवळातलं आणि दवाखान्यातलं काम एकाच बाईने केलं, याचं मला फार मोल वाटतं.

आमच्या जिल्ह्यात गर्भपाताच्या हक्काची दुसरी, कडू बाजूही आहे. २०११च्या जनगणनेत बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५५. जिजाऊंचं सिंदखेडराजा याच जिल्ह्यात. ‘पिशवी साफ करून आण’ हे सासरने फर्मावणं आणि बाईने स्वतः ठरवणं, या दोन्हींना एकच नाव देता येणार नाही. गर्भलिंगनिदान हा गुन्हाच आहे, आणि तो कडकपणे रोखलाच पाहिजे. पण त्या धाकाने गरजू बाईला दारातून परतवणं हाही अन्यायच.

नात्यातल्या एका मुलीबरोबर मी दवाखान्यात गेले होते. टेबलावर गर्भपाताच्या संमतीचा फॉर्म, ‘फॉर्म सी’. नाव, वय, पत्ता, कोणाची मुलगी किंवा पत्नी. तिने सही केली. खिडकीतून आवाज आला, “मिस्टरांची सही कुठाय?” ती मान खाली घालून उठली. मीही त्या दिवशी गप्प बसले, कारण मलाही माहीत नव्हतं.

म्हणून इथे लिहून ठेवते. १९७१च्या कायद्याप्रमाणे, कायद्यात बसणाऱ्या गर्भपातासाठी सज्ञान, मानसिकदृष्ट्या सक्षम बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच, हे सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ला सांगितलं आहे. आपल्या लेकीसुनांना हे आजच सांगा.