जुनेर संपलं

यंदाच्या जूनमध्ये सिंगापूरच्या क्लेमेंटीतलं, माझं सोडून, गोधडीचं शेवटचं बिऱ्हाड हललं. आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या वैनी मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या. जाताना माझ्या दारात दोन गाठोडी ठेवून गेल्या. "जुनेर आहे, आता तूच वापर." सोडून बघते तर एकात जॉर्जेट, शिफॉन आणि कसलंसं झुळझुळीत पॉलिएस्टर, दुसऱ्यात तेच, वर दोन लेगिंग. सुती म्हणावा असा एक परकर, तोही नाडीपाशी विरलेला. वैनींचा यात काही दोष नाही. वीस वर्षं अंगावर जे घातलं तेच गाठोड्यात येणार. पण ते गाठोडं मला फार लागलं. "हल्लीच्या मुलींना सुई धरता येत नाही, म्हणून गोधडी गेली" हे पालुपद ज्यांच्या तोंडी असतं त्यांच्याशी एकदा नीट भांडायची खुमखुमीही तिथूनच आली.

सिंगापूरला उन्हाळा नसतो, किंवा उन्हाळाच असतो. विषुववृत्त इथून जेमतेम सव्वा अंशावर. जानेवारी काय नि जून काय, दुपारी पारा 31-32 वर. पण शाळांना जूनमध्ये चार आठवड्यांची सुट्टी लागते, तिलाच आम्ही उन्हाळा म्हणत आलो. गावाकडे वाकळ उन्हाळ्यात शिवतात त्याला कारण असतं. रब्बी घरात आलेली, पेरणीला अवकाश, ऊन असं की धुतलेलं जाड कापड संध्याकाळच्या आत खडखडीत वाळावं, आणि मिरगाच्या आधी सगळं उरकलेलं बरं. संगमनेरला मावशीकडे सकाळी कुरडया-सांडगे, दुपारी ओसरीवर वाकळ. एकीची संपायच्या आत दुसरीची अंथरलेली असायची, आणि ज्या घरी बाळंतपण त्या घरचं दुपटं रांग मोडून पुढे घुसायचं. एका वेळी एकच काम हाती घ्यावं हा नियम कोणी केला मला ठाऊक नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईने तो नक्कीच केलेला नाही.

मी क्लेमेंटीत आले 1997 साली. सत्तरच्या दशकात उभी राहिलेली ही वस्ती, 1988 मध्ये एमआरटी, म्हणजे मेट्रो, आली, आणि आम्ही आलो तेव्हा ती ना नवी होती ना जुनी. पहिल्या आठ-नऊ वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. नवरे संगणकवाले, सगळ्यांच्या डोक्यावर वाय-टू-केचं भूत, नंतर नोकरी टिकते की जाते याची धास्ती. बायकांनी गणपतीला मोदक करायचे आणि हळदीकुंकवाला एकमेकींना स्टीलच्या डब्या द्यायच्या. त्याच डब्या पुढच्या वर्षी फिरून परत यायच्या. पुढे चला.

खरी गंमत 2006 ते 2016 या काळात झाली. मुलं शाळेत रुळली, आम्ही चाळिशीला आलो, आणि प्रत्येकीच्या कपाटात आईने किंवा सासूने बॅगेत कोंबून दिलेल्या जुन्या साड्या साठत गेल्या. विमानात 30 किलोंची सोय, त्यात कुकर आणि लोणच्याच्या बरण्या फुटू नयेत म्हणून भोवती गुंडाळायला सुती पातळं! लोणचं संपलं, पातळं राहिली. जूनच्या सुट्टीत भारतात जायला सगळ्यांनाच जमायचं नाही, तेव्हा मागे राहिलेल्या दुपारी माझ्या हॉलमध्ये जमायला लागल्या. सोफा भिंतीला सरकवायचा, दोन पातळं जोडून फरशीवर अंथरायची, वर धोतरं, चादरी, परकर यांचे थर, वरून परत पातळ. कोपऱ्यांवर मावशीकडे वरवंटे असायचे. आमच्याकडे पाच लिटरचा कुकर आणि ह्यांनी हौसेने आणून कधी न उचललेले डंबेल. मग चौघींनी चार कडांना बसायचं आणि धावदोरा घालत आत आत सरकायचं. आपण ज्यावर बसलोय तेच शिवत पुढे जायचं, म्हणून वाकळीत चोळ राहत नाही. अंगुस्तान कोणीच वापरायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांची बोटं सारखीच.

एका जूनमध्ये घरात चार-चार कामं चालू असायची. हॉलमध्ये मोठी वाकळ. ती हलवता येत नाही, म्हणून जेवणं स्वयंपाकघरात उभ्याने. टेबलावर कोणाच्या तरी भाचीच्या बाळासाठी दुपटं. बारसं ठरलेलं, त्यामुळे ते घाईचं. शिवणयंत्राशी माझं स्वतःचं ठिगळकाम, अरब स्ट्रीटवरून आणलेल्या नव्या सुती कापडाचं. आणि चौथं म्हणजे डागडुजी, कोणाची तरी फाटलेली जुनी गोधडी, जी मांडीवर घेऊन बोलता बोलता होते. बाहेरच्यांना हा पसारा वाटायचा. पण मोठ्या वाकळीवर तासभर वाकलं की कंबर धरते, तेव्हा उठून यंत्रावर बसायचं. डोळे शिणले की डागडुजी. मुलांनी हॉल मागितला की दुपटं. चारही कामं एकमेकांची विश्रांती होती. एकच घेतलं असतं तर एकही पुरं झालं नसतं.

2010 चा जून मला आवाजासकट आठवतो. दक्षिण आफ्रिकेतला फुटबॉल विश्वचषक. सामने इथल्या वेळेने साडेसात, दहा आणि पहाटे अडीचला. पुरुषमंडळी टीव्हीपुढे, आम्ही त्यांच्या पायाशी वाकळीवर, आणि त्या व्हुवुझेला पिपाण्यांची अखंड भुणभुण. गोल झाला की कोणीतरी उडी मारायचं आणि सुई हरवायची. ती सापडेपर्यंत सामना कोणीही बघायचा नाही असा आमचा दंडक होता. 2013 च्या जूनमध्ये सुमात्रातल्या आगींचा धूर आला. 21 जूनला प्रदूषणाचा निर्देशांक 401 वर गेला, आजवरचा उच्चांक. खिडक्या बंद, मुलं घरात कोंडलेली, एसी चालू. त्या आठवड्यात विषुववृत्तावर बसून आम्ही खरोखर पायांवर वाकळ घेऊन वाकळ शिवली. मुलांच्या हाती सुया तेव्हाच आल्या, करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून. त्यांतला एक आता सिव्हिल इंजिनिअर आहे आणि बटण स्वतः लावतो.

वाळवणं हे मात्र रडगाणं. जुन्या ब्लॉकमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू खोचायच्या नळ्या असतात. ओली वाकळ बांबूवर घालून तो बाहेर सरकवणं हे दोघांचं काम, आणि खालच्या मजल्याच्या धुण्यावर पाणी ठिबकलं की झालंच. आमच्या खालच्या आजी वर येऊन मँडरिनमध्ये पाच मिनिटं बोलत, आम्ही मराठीत माफी मागत असू, आणि दोघींना सगळं समजत असे. नीट वाळलं नाही तर दमट हवेत चार दिवसांत कुबट वास. कपाटात ओल शोषणारे थर्स्टी हिप्पोचे डबे ठेवायची अक्कल आम्हांला त्याच आजींनी दिली.

आता थोडा जुना हिशेब. त्या दशकात ठिगळकामाचे वर्ग निघाले होते. मी एकीकडे नाव घातलं, आणि शिकलेही पुष्कळ; ते नाकारत नाही. ओल्फा या जपानी कंपनीने 1979 मध्ये गोल फिरणाऱ्या पात्याची सुरी आणली तेव्हापासून जगभर हे काम कसं बदललं, पट्टी ठेवून एका दमात सहा थर सरळ कसे कापतात, शिवण पाव इंचाची का, हे सगळं तिथेच कळलं. पण एके दिवशी मी आमची वाकळ दाखवायला नेली. बाईंनी ती उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण याला क्विल्ट म्हणत नाहीत. मधे वाडिंग कुठाय?" कापसाची नवी गादी मधे नाही म्हणून माझ्या आजेसासूचं नऊवार बाद! उत्तर कन्नडात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून मध्याकडे जोडत कवंदी शिवतात, पट्टी नाही की नकाशा नाही, आणि कोपऱ्यांत घडी घातलेल्या चौकोनी चिंध्यांची फुलं बसवल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. त्यांना कोणी पाव इंच शिकवावा अशी माझी फार इच्छा आहे. उत्तर ऐकायला मी तिथे असेन.

आपले लोकही काही कमी नव्हते. एका प्रदर्शनात आमच्या दोन वाकळी 'टाकाऊतून टिकाऊ' या टेबलावर बाटल्यांच्या फुलदाण्यांशेजारी घडी करून ठेवल्या होत्या. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि लोक रांगा लावून बघायला आले. आम्हांला भिंत नको होती, पण घडी तरी उलगडायची. एक गृहस्थ तर म्हणाले, "गरिबीची आठवण कशाला काढता?" चिंध्या पांघरून गावोगाव झाडू मारणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. त्यांची तसबीर याच गृहस्थांच्या दिवाणखान्यात आहे.

गोधडीचा इतिहास शोधायला सिंगापूरबाहेर जावं लागत नाही हे आम्हांला उशिरा कळलं. 1942 मध्ये चांगीच्या तुरुंगात जपान्यांनी कोंडलेल्या बायकांनी एथेल मुल्वनी या कॅनडियन बाईच्या कल्पनेतून चौकोन भरले. प्रत्येकीने एक चौकोन भरायचा आणि त्यात स्वतःचं काहीतरी घालायचं. 66 चौकोनांची एक, अशा तीन गोधड्या जमल्या: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि जपानी जखमींसाठी. जपान्यांसाठीही केली म्हणजे बाकीच्या दोन रुग्णालयात पोचतील हा हिशेब, आणि त्या चौकोनांतून पलीकडच्या कोठड्यांतल्या नवऱ्यांना आम्ही जिवंत आहोत हे कळेल ही आशा. दोन आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत, एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे. तुरुंगातल्या लहान मुलींनी आपल्या गाइड शिक्षिका एलिझाबेथ एनिस यांच्या वाढदिवसासाठी षटकोनी तुकड्यांची आणखी एक शिवली होती, गुपचूप. म्हणजे तिथेही एकाच वेळी अनेक! आणि कापड? हाताला लागेल ते जुनं. नवं मिळणार कुठून.

तर पुन्हा कापड. गोधडीला जुनं सुतीच लागतं, हा हट्ट नाही. शेकडो वेळा धुतलेल्या सुताचा पीळ सैल होतो, सुई लोण्यासारखी जाते, थर एकमेकांना धरून बसतात, घाम शोषला जातो. पॉलिएस्टर घसरतं. टाक्याला टाका राहत नाही, थर आतल्या आत फिरतात, आणि वर्षभरात गोधडीत गाठी होतात. मी आता कोणतंही कापड घेण्याआधी गॅसवर एक दोरा जाळून बघते. सूत कागदासारखं जळतं आणि चिमटीत राख होते. दुसरं आक्रसतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. वैनींच्या गाठोड्यातून त्या दिवशी नुसते मणी निघाले.

आमच्या आयांची ती पातळं मुंबईच्या गिरणगावातली. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला सुताच्या पंगतीला बसवलं. इस्त्री नको, चुरगळत नाही, वाळतं पटकन. आमच्या आयांनी ते आनंदाने घेतलं आणि त्यांना बोल लावणारी मी कोण? बाई नोकरीला जाणार आणि नऊवाराला खळ घालत बसणार? मग घरात गाऊन आला. साडी सणाची झाली, आणि सणाची साडी झिजत नाही. आमचं सुवर्णदशक म्हणजे ऐंशीच्या आधी विणलेल्या साठ्याची शेवटची खेप होती. साड्या आयांनी वापरून वापरून मऊ केल्या, आम्ही त्या तीस वर्षांनी शिवून संपवल्या. 2016 नंतर बॅगेतून आलं ते सगळं झुळझुळीत.

उरलंसुरलं 2020 ने नेलं. एप्रिलपासून दोन महिने सगळं सिंगापूर घरात, मास्क सक्तीचा. माझ्याकडच्या शेवटच्या चांगल्या धोतरांचे आणि एका इरकलीच्या आतल्या भागाचे मास्क झाले. मजल्यावर वाटले, खालच्या आजींनाही दिले. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. एक एक घर भारतात परतलं, मुलांच्या जूनच्या सुट्ट्या रोबोटिक्सच्या शिबिरांनी भरल्या, आणि आता गोधडी कुठून येते? इंटरनेटवरून, "आजीच्या मायेची ऊब" अशी जाहिरात करत, नव्या कापडाला जुन्याचा रंग देऊन, यंत्रावर ओळीने शिवलेली, किंमत हजारांत. घेणारे एसी 18 वर लावतात आणि ती पांघरतात. अमेरिकेत जोअ‍ॅन ही कापडाच्या दुकानांची साखळी गेल्या वर्षी, 2025 च्या मे अखेरीस, बंद झाली तेव्हा केवढा गहिवर झाला. नव्या कापडाचं दुकान गेलं की लोक रडतात. जुनं कापड संपलं याची बातमी कुठे आली?

सुया आहेत हो. माझी सून बंगळुरूची, हात माझ्यापेक्षा बारीक. ब्लॉकमधल्या एका मलय मुलीलाही शिकायचंय. सध्या आमची तीन कामं चालू आहेत: ह्यांच्या निवृत्तीनंतर पडून असलेल्या सुती शर्टांचं एक, टेक्का सेंटरमधल्या शिंप्याकडच्या कात्रणांचं दुसरं (त्यातली निम्मी गॅसवर नापास), आणि सहा वर्षांपूर्वी अर्धी राहिलेली शेवटची खरी वाकळ, तिला मधल्या थरासाठी दोन पातळं कमी पडतात. तेव्हा हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी माळ्यावर ट्रंकेत आजीचं काही असेल, आणि घरातलं कोणी इकडे येणार असेल, तर लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून द्या. रंग कोणताही चालेल, फाटकं उत्तम. डांबरगोळ्यांचा वास आम्ही काढू. फक्त पाठवण्याआधी एक दोरा जाळून बघा.