ऊर्जा संहितांची पडताळणी, व्यापारी इमारतींच्या

ऊर्जा संहितांची पडताळणी, व्यापारी इमारतींच्या : कार्यालये, दुकाने, हॉटेले इ. इमारतींना लागू केलेल्या ऊर्जा संहितेमुळे अपेक्षित ऊर्जाबचत प्रत्यक्षात होते किंवा नाही, हे तपासण्याची पद्धती. भिंती व छपरे यांचे उष्णतानिरोधन, खिडक्यांच्या काचा, वातानुकूलन यंत्रांची कार्यक्षमता, प्रकाशयोजनेची कमाल शक्ती इ. बाबींच्या मर्यादा संहितेत ठरविलेल्या असतात.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अशा संहितांना चालना मिळाली. अमेरिकेत १९७५ मध्ये ॲश्री या अभियंत्यांच्या संस्थेने ९० क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले; तेच पुढे ९०·१ या क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. १९९२ च्या ऊर्जा धोरण अधिनियमाने या मानकाच्या नव्या आवृत्तीमुळे ऊर्जाकार्यक्षमता वाढेल काय, हे ठरविण्याचे काम तेथील ऊर्जा खात्याकडे सोपविले. त्यासाठी नमुना-इमारतींचा ऊर्जावापर संगणकाने काढतात. या गणितात सर्व नियम पाळले गेले असे गृहीत असते आणि खरी अडचण येथेच आहे. कागदावरची ही बचत विजेच्या भावी मागणीच्या अंदाजात जमेस धरली गेली व ती प्रत्यक्षात झाली नाही, तर अंदाजच चुकतो.

२००९ च्या अमेरिकन अर्थसाहाय्य अधिनियमान्वये निधी घेणाऱ्या राज्यांनी आठ वर्षांत नव्या व नूतनीकृत बांधकामाच्या किमान ९० टक्के क्षेत्रात संहितेचे पालन घडवून आणावयाचे होते. तथापि पालनाची टक्केवारी व बचत या एकच गोष्टी नव्हेत. निरोधक थर गिलाव्याआड गेल्यावर दिसत नाही. दिवे आपोआप मंद करणारे नियंत्रक बसविलेले असतात, पण ते जुळविलेले नसतात. तपासनिसाच्या यादीत मात्र दोन्हींपुढे खूण होते. म्हणून प्रत्येक त्रुटीमुळे किती ऊर्जा वाया जाते, हे मोजणे अधिक उपयुक्त ठरते.

वीजदेयकांवरून केलेली तुलनाही फसवी ठरू शकते. समजा, जुन्या नियमांनुसार एखाद्या कार्यालयाचा वापर दर चौ. मी.ला वर्षाकाठी २०० युनिट व नव्या नियमांनुसार १६० युनिट अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तो १८५ भरला. वरवर पाहता बचत केवळ १५ युनिटांची. परंतु कार्यालय अपेक्षेपेक्षा अधिक तास चालले व उन्हाळाही कडक होता, हे लक्षात घेऊन फेरगणित केल्यास ते आकडे अनुक्रमे २२५ व १८० येतात. म्हणजे ४५ पैकी ४० युनिटांची बचत झाली. राहिलेल्या ५ युनिटांचे कारण तेवढे शोधावयाचे. संगणकासारख्या, संहितेच्या कक्षेबाहेरील उपकरणांचा वापरही वेगळा मोजावा लागतो. एकाच मीटरवर सर्व भार असल्यास हे जवळजवळ अशक्य होते.

भारतात ऊर्जा संधारण अधिनियम, २००१ अन्वये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि त्याची इमारतविषयक संहिता २००७ मध्ये निघाली. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत १०० किवॉ. वा अधिक संयोजित भाराच्या व्यापारी इमारती येत असून तिच्या किमान पातळीस सुमारे २५ टक्के बचत अपेक्षिलेली होती. ही बचत आराखड्यावरून ठरते. ब्यूरोची कार्यालयीन इमारतींसाठीची तारांकन योजना मात्र वापरात असलेल्या इमारतीच्या प्रत्यक्ष वार्षिक वीजवापरावर आधारलेली आहे.