मोटारीमागे घोडा

१६ डिसेंबर २०२१ ला ग्रेट ब्रिटनमधल्या लाखो मोटारचालकांना बसल्या जागी एक नवा हक्क मिळाला. अर्ज नाही, परीक्षा नाही. १ जानेवारी १९९७ पासून पुढे मोटारीचं लायसन्स काढलेल्यांना मोठा ट्रेलर ओढायचा तर तोवर वेगळी परीक्षा द्यावी लागे. ती रद्द झाली आणि ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर सगळ्यांना खुला झाला. घोडेवाल्यांवर मेहेरबानी करावी असं सरकारच्या मनात नव्हतं. देशात ट्रकचालकांचा तुटवडा होता, ट्रकच्या परीक्षांसाठी परीक्षक मोकळे करायचे होते, म्हणून ट्रेलरच्या परीक्षेवर गदा आली. त्यात साधलं मात्र पोनी पाळणाऱ्या घरांचं.

घोडा पाळणं हा तिकडे आता फक्त उमरावांचा शौक राहिलेला नाही. मध्यमवर्गीय घरातली शाळकरी मुलगीही शनिवार-रविवारी पोनी क्लबच्या स्पर्धेला जाते आणि तिच्याबरोबर पोनीलाही जावं लागतं. घोड्यांसाठी बांधलेली लॉरी घ्यावी तर एका इंजिनाचा जादा संसार मांडावा लागतो. ट्रेलर त्या मानानं स्वस्त, आठवडाभर एका कोपऱ्यात निमूट उभा राहणारा. म्हणून पहिली चौकशी होते ती ‘हलका ट्रेलर कुठला?’ अशी.

हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, कारण ट्रेलरला एक वजन नसतं. एक त्याचं रिकामं वजन. दोन घोड्यांच्या ट्रेलरचं ते साधारण ८०० ते १,००० किलो भरतं. दुसरं त्याच्या अंगावरच्या पाटीवर कोरलेलं कमाल वजन, म्हणजे माल भरल्यावर त्यानं ओलांडायची नाही ती मर्यादा. तिसरं, त्या दिवशी रस्त्यावर असतानाचं खरं वजन. लायसन्सचा कायदा पाटी वाचतो. ट्रेलर रिकामा असला तरी पाटीवरचाच आकडा धरला जातो. मोटार किती ओढू शकते, हे ठरवताना मात्र खरं वजन मोजावं लागतं. घोटाळा होतो तो इथेच.

समजा, ट्रेलर रिकामा ८०० किलोचा आणि पाटी २,००० किलोची. म्हणजे आत १,२०० किलो चालतील. पूर्ण वाढलेला थरोब्रेड जातीचा घोडा ४५० ते ५५० किलोचा असतो, आडव्या हाडाचा घोडा ६०० च्याही वर जातो. ६०० चे दोन घोडे चढवले की हिशेब तिथेच संपला; गवताची जाळी, पाण्याचे कॅन, खोगिरं हे सगळं मर्यादेबाहेर. उलट ९५० किलोचा, पण २,७०० ची पाटी असलेला ट्रेलर तेच दोन घोडे सामानासकट कायदेशीरपणे नेईल. हलका म्हणून घेतलेला ट्रेलर घोडा चढवताच बेकायदा ठरू शकतो, तो असा.

मोटारीकडून पाहिलं तर गणित आणखी आवळतं. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३,५०० किलो ओढते, तिला चिंता नाही. टेस्ला मॉडेल वायची युरोपातली मर्यादा १,६०० किलोची. एका पोनीचा छोटा ट्रेलर तिला सहज झेपेल, दोन मोठे घोडे नाहीत. ट्रेलरचं वजन मोटारीच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असा एक सल्ला ब्रिटनमध्ये सर्रास ऐकू येतो. तो कायदा नव्हे, कॅरव्हॅनवाल्यांचा संकेत आहे. पण कॅरव्हॅनमधलं कपाट वळणावर पाय बदलत नाही, घोडा बदलतो. तेव्हा घोडेवाल्यांनी तो संकेत जरा जास्तच मनावर घ्यायला हरकत नाही.

जर्मनीत हलकेपणाला वेगळंच मोल आहे. तिथल्या साध्या लायसन्सवर ७५० किलोंहून मोठा ट्रेलर लावायचा तर मोटार आणि ट्रेलर या दोघांच्या पाट्यांची बेरीज ३,५०० किलोंच्या आत लागते. एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलं की ती मर्यादा ४,२५० वर जाते, त्यापुढे परीक्षा. तिथे ट्रेलरच्या पाटीवरचे शंभर-दोनशे किलो कमी असणं म्हणजे परीक्षाच वाचणं.

ब्रिटनमध्ये ७५० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, म्हणजे व्यवहारात घोड्याच्या प्रत्येक ट्रेलरला. ही यंत्रणा मोठी साधी आहे. मोटार मंदावली की मागून येणारा ट्रेलर तिला ढकलतो, त्या रेट्यानं जोडणीचा दांडा आत दबतो आणि दबताना ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढतो. जोडीला बोटाहून बारीक अशी पोलादी तार असते. ट्रेलर मोटारीच्या टो बारवरच्या गोळ्यावरून सुटलाच तर ती ताणली जाऊन हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ती टो बारवरच्या ठरलेल्या कडीत अडकवायची. नुसती गोळ्यावर टाकलेली तार ऐन वेळी गोळ्यावरून निसटू शकते. ट्रेलरवर मोटारीचाच नंबर हवा, मागे लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर हवेत. वेग साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, आणि मोटरवेवर ६० मैल. तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. घोड्याचा पासपोर्ट बरोबर हवा. घोडा बुजतो म्हणून माणसानं त्याच्याबरोबर ट्रेलरमध्ये बसायचं मात्र नाही.

एकच घोडा न्यायचा असेल तर ब्रिटनमध्ये त्याला उजव्या कप्प्यात चढवतात. रस्ता मध्याकडून कडेला उतरता असतो. वजन डावीकडे पडलं तर ट्रेलर कडेच्या मातीकडे ओढला जातो.

आपल्याकडे मोटारीमागे घोडा नेण्याची रीत फारशी नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत राजस्थान, गुजरात, पंजाबातून येणारे घोडे ट्रकमधूनच उतरतात. त्यांच्यासाठीही कायदा आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार तळ न घसरणारा हवा, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, बरोबर एक माणूस हवा आणि समोरच्या वाहतुकीला बुजू नयेत म्हणून घोड्यांची तोंडं डावीकडे हवीत. वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर! हायवेवरचा एखादा ट्रक ती पाळताना दिसला तर थांबून हात जोडावेत.

ब्रिटनमध्ये घोड्याच्या ट्रेलरला मोटारीसारखी वार्षिक तपासणी नाही. त्यामुळे जुना ट्रेलर घेणाऱ्यानं रंगरंगोटीवर न भाळता आधी आतली रबरी मॅट उचलायला लावावी. मुताची ओल मॅटखाली मुरते, लाकडी फळ्या वरून धडधाकट दिसतात आणि खालून पिठासारख्या झालेल्या असतात. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा, ट्रेलरखाली वाकून सांधे पाहावेत. ॲल्युमिनियमचा तळ कुजत नाही, पण धुतला नाही तर त्यालाही खड्डे पडतात. टायरांचं तसंच: वर्षातले बहुतेक दिवस ट्रेलर उभा असतो, म्हणून नक्षी झिजण्याआधी कडेला भेगा पडतात.

वजन वाचवायचं ते भिंतींत आणि छतात, फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियम वापरून. तळ, रॅम्प आणि मधला आडोसा यांत वाचवलेले किलो घोड्याच्या जिवावर बेततात. एका पोनीसाठी घरच्याच मोटारीला झेपेल असा हलका ट्रेलर जरूर शोधावा. मोठे घोडे दोन असतील तर मात्र हलका ट्रेलर शोधत हिंडण्यापेक्षा दणकट मोटार घ्यावी.