बोकडाच्या मांसाची रुचि कशानें ठरते?

उल्हास नदीकांठच्या बेलवलीसारख्या भाताच्या गांवांत गुरें पाळण्यांत आलीं तीं नांगरासाठीं व दुधासाठीं. महाराष्ट्रांत गोवधबंदीचा कायदा १९७६ सालीं झाला. २०१५ सालीं वळू व बैल हेही त्याच बंदीखालीं आले. सबब मांसासाठीं जनावर पोसूं इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास बोकड हाच सोईचा. तो पोसणारे पुष्कळ आहेत. पण त्याच्या मांसाची रुचि पुष्कळ अंशीं पोसणाराच्या हातीं असते, हें ध्यानांत ठेवणारे थोडे.

प्रथम जातीविषयीं. धाराशिवकडील उस्मानाबादी शेळी मांसाबद्दल नांवाजलेली आहे, तथापि ती कोरड्या मुलखांतली. सिंधुदुर्गाकडील कोंकण कन्याळ जातीस आमच्याकडील पाऊस व दमट हवा अधिक मानवते. जात कोणतीही असो, पावसाळ्यांत तिला ओल्या जमिनीवर न ठेवतां उंच माचावर ठेवावें. खुरें कुजलेल्या व जंतांनीं पोखरलेल्या जनावरास खाल्लेलें अंगीं लागत नाहीं.

अंडील बोकड वयांत आला कीं त्याच्या शिंगांजवळील ग्रंथींतून उग्र दर्प सुटतो. तोच दर्प चरबींतही उतरतो व पुढें मसाल्यानेंही झांकत नाहीं. यास्तव करडूं दोन-तीन महिन्यांचें असतांनाच पशुवैद्याकडून चिमट्यानें खच्ची करून घ्यावें. कांहीं गिऱ्हाइकें मात्र अंडील बोकडच मागतात. म्हणून माल कोणास विकावयाचा हें आधीं ठरवावें.

चाऱ्याचा वासही चरबी धरून ठेवते. सुकी मासळी किंवा खवट पेंड विक्रीपूर्वीं कांहीं आठवडे बंद असावी. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर अंग भरत नाहीं. बांधावर शेवरी व सुबाभूळ लावून त्यांचा पाला द्यावा. सुबाभूळ एकंदर चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको, कारण तिच्यांत मायमोसिन हें विषारी द्रव्य असतें. मका द्यावयाचा तो हळूहळू वाढवावा.

वय वाढेल तसें मांस चिवट होतें व त्याचा वासही वाढतो. सुमारें नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंतचा बोकड उत्तम. पक्के दोन दांत दिसूं लागले कीं वर्ष उलटलें असें समजावें. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून आग्रहानें सांगतों कीं करडाची जन्मतारीख वहींत लिहून ठेवावी.

इतकें करूनही शेवटच्या दिवशीं वर्षाची मेहनत वायां जाते. पाय बांधून, दुचाकीवर आडवा टाकून बोकड उन्हांतून नेला जातो. भीतीनें व धडपडीनें त्याच्या स्नायूंतील साखरेचा सांठा संपतो. वास्तविक वधानंतर त्याच साखरेचें लॅक्टिक आम्ल होऊन मांस टिकतें व रुचकर लागतें. सांठाच उरला नाहीं तर मांस काळपट व चिकट होऊन लवकर नासतें. तेव्हां जनावर उभें राहील अशा गाडींतून न्यावें, पोंचल्यावर सांवली, विसांवा व पाणी द्यावें.

ही मुक्या जिवाची कीवही आहे आणि आपला व्यवहारही आहे. खरेदीदार पाठ चांचपून अंदाजानें भाव सांगतो. आपण मात्र कांट्यावर वजन करून आणि वही पुढें ठेवून बोलावें. ज्याचा माल एकदां रुचला, त्याचें दार गिऱ्हाईक पुन्हां शोधीत येतें.