हेदवीतील घर आणि आगर : सल्ल्यांच्या बदलत्या वाटा

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुजा लक्ष्मीगणेशाचे मंदिर आणि उमामहेश्वराच्या देवळाजवळील बामणघळ यांमुळे बाहेरच्यांना ठाऊक असले, तरी तेथील संसाराचा आधार घर आणि आगर, म्हणजे विहिरीच्या पाण्यावर जोपासलेली नारळ-सुपारीची बाग, हाच राहिला आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या किनाऱ्यावर घराआगराच्या निगराणीविषयी एकाने दुसऱ्याला जे सांगितले, त्याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, सल्ला कोणता द्यायचा हे कृषिशास्त्रातील प्रगतीपेक्षाही घरात बारा महिने माणूस आहे की नाही, या एका गोष्टीने अधिक ठरवले.

जुन्या सल्ल्यांचा हंगाम आगोटीचा असे. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावर करावयाची तयारी. तीत लाकूडफाटा व धान्याची बेगमी आणि घराची शाकारणी ही दोन्ही कामे येत. शाकारणीत छपरावरची कौले उतरवून फुटकी बाजूला काढली जात, कुजलेल्या रिपा बदलल्या जात आणि कौले पुन्हा रचली जात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी, एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले कोकणात पसरली आणि हाताने घडवलेल्या अर्धगोल नळ्यांच्या मानाने शाकारणी सोपी झाली, परंतु माकडांच्या उड्यांनी कौले फुटायची ती फुटतच राहिली. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या असत. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत फ्रान्सिस बुकाननने मलबारातील याच दगडाचे वर्णन करताना नोंदवले होते की, तो खाणीत असताना सहज कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. असा चिरा सच्छिद्र असल्याने पाणी पितो. म्हणून पावसाचा मारा ज्या अंगाने येतो त्या अंगाला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधावेत, हा सल्ला घरोघरी पाळला जाई. पुढे सिमेंटचा गिलावा आला तेव्हा ओल बाहेर राहील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जोत्यातून चढलेली ओल कित्येक ठिकाणी गिलाव्याआड कोंडून राहिली आणि पोपडे सुटू लागले.

या सर्व सल्ल्यांत एक गोष्ट कोणी मुद्दाम सांगत नसे, कारण ती आपोआप घडत होती. चुलीचा धूर माजघरातून वर चढून कौलांच्या फटींतून बाहेर पडे. त्याने वाशांवर काजळीचा थर बसे, लाकूड कोरडे राही आणि कीड सहसा लागत नसे. स्वयंपाकाचा गॅस आल्यावर बायकांच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे हाल थांबले, ही मोठीच सोय झाली. मात्र धुराने फुकट होणारे राखणीचे काम संपले आणि वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावावे, वाळवीची माती दिसताच खरवडून औषध मारावे, अशा सूचना नव्याने द्याव्या लागल्या. हे तेल कातडी भाजणारे असल्याने ते लावताना हात झाकण्याची ताकीदही सोबत येई.

आगरातील सल्ला काही काळ याच पद्धतीने चालला. रहाटाने विहिरीचे पाणी उपसून ते पाटाने आळ्यांत सोडायचे, आळ्यात पालापाचोळा दाबायचा आणि माडाच्या मुळाशी मीठ घालायचे, हे वडीलधाऱ्यांकडून मिळणारे शिक्षण होते. नारळाला क्लोराईडची गरज असते हे पुढे संशोधनातून स्पष्ट झाल्याने मिठाची प्रथा निराधार ठरत नाही. तरीही समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या हेदवीच्या माडाला वरून आणखी मीठ कितपत लागत होते, हा प्रश्न उरतोच.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ मध्ये नारळ संशोधन केंद्र आणि १८ मे १९७२ रोजी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर सल्ल्याला मापे आली. दोन माडांत साडेसात मीटर अंतर राखावे, खतांची वार्षिक मात्रा हप्त्यांत विभागून द्यावी, असे सांगितले जाऊ लागले. पूर्वजांनी दाट लावलेल्या आगरात हे अंतर पाळणे म्हणजे उभी झाडे तोडणे होते, त्यामुळे हा सल्ला ऐकला सर्वांनी आणि आचरला मुख्यतः नव्या लागवडीत. त्याहून अधिक रुजली ती भाट्ये केंद्राने मांडलेली लाखी बाग, म्हणजे नारळाच्या सावलीत मसाल्याची झाडे घेण्याची पद्धत : चार माडांच्या मध्यभागी जायफळ, दोन माडांमध्ये दालचिनी आणि बुंध्यावर मिरीचा वेल. जायफळात नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे पाणी घातल्यावर कळते. मादी झाडाची काडी वापरून केलेल्या कलमांनी ही अनिश्चितता दूर झाली. रातांब्यातही हाच नर-मादीचा भेद असल्यामुळे कलमाचे महत्त्व कोकणी माणसाला फारसे पटवून द्यावे लागले नाही.

१९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने लक्ष आगरातून कातळाकडे, हापूस आणि काजूकडे वळवले. तो विषय परसबागेपेक्षा शेतीचा अधिक आहे.

दरम्यान मुंबईकडील ओढा वाढत गेला. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडल्यास कुलपात राहणारी घरे वाढली तशी जुनी सूचना निरुपयोगी ठरू लागली, कारण ती रोज झाडणाऱ्या, सारवणाऱ्या आणि वर पाहणाऱ्या माणसाला उद्देशून होती. मग कौलांऐवजी सिमेंटचा स्लॅब घालावा, तो गळू लागल्यावर त्यावर पत्र्याची शेड उभारावी, पाटाऐवजी ठिबक बसवावे, असे सल्ले सुरू झाले. त्यांना आळशीपणाचे म्हणणे अन्यायाचे होईल. जेथे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही तेथे दुरुस्तीपेक्षा टिकाऊपणाला किंमत येणारच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागातील बागा उन्मळून टाकल्या आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते हे वादळ किनाऱ्याला समांतर सरकत गेले, तेव्हा पत्रा किती जाड आहे यापेक्षा तो सांगाड्याशी कसा आवळला आहे, हे लोक एकमेकांना विचारू लागले.

गैरहजेरीची सर्वांत जड किंमत मात्र माडाने मोजली. गेंड्या भुंगा हा शिंगवाला काळा कीटक शेणखताच्या खड्ड्यात वाढतो आणि माडाचा कोवळा शेंडा पोखरतो. पोखरलेला शेंडा उलगडला की झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी छेद दिसतात. नारळ उतरवण्यासाठी वर्षातून अनेकदा माडावर चढणारा माणूस कोयत्याबरोबर तारेचा आकडा नेई, भोकातून भुंगा ओढून काढी आणि खाली उतरल्यावर कोणत्या माडाचे काय चालले आहे हे घरमालकाला सांगे. असे चढणारे कमी झाले, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. यंत्राने उंचीची भीती कमी होते, पण बोलावणारा मालक गावात हवा. तो नसल्यास भुंग्याने केलेल्या जखमेवाटे सोंड्या भुंगा खोडात शिरतो आणि शेंडा कलंडल्यावरच हा प्रकार लक्षात येतो, ज्या अवस्थेत माड वाचवणे बहुधा अशक्य असते. त्यामुळे नव्या लागवडीसाठी विचारणाऱ्याला आता बाणवलीसारख्या उंच जातीऐवजी, बरीच वर्षे जमिनीवरून उतरवता येईल अशी ठेंगू किंवा संकरित जात सुचवली जाते. शेणखताचा खड्डा दर दोन-तीन महिन्यांनी उलथून त्यातील पांढऱ्या अळ्या वेचाव्यात, ही जुनी सूचनाही दिली जाते. ती पाळणे मात्र गावात कायम राहणाऱ्यांनाच जमते.