माईक नाही, तरी ऐकू येतं!

गणपतीत गुलमंडीवर किंवा औरंगपुऱ्यात 'ऑर्केस्ट्रा' आहे म्हटलं की काय आठवतं? रंगीत दिवे, कीबोर्ड, सिनेमाची गाणी आणि कान किटवणारे स्पीकर! पण दोस्तांनो, पाश्चात्त्य अभिजात संगीतातला ऑर्केस्ट्रा वेगळाच. साठ-सत्तर वादक, त्यांच्यापुढे एकटी गायिका, आणि हातात माईक नाही!

बायकांच्या सर्वांत उंच आवाजाला 'सोप्रानो' म्हणतात. अशा आवाजाच्या पॅट्रिशिया रोझारियो यांचा जन्म १९६० साली मुंबईत, गोव्याकडच्या कुटुंबात झाला. या गाण्याचं पुढचं शिक्षण घ्यायला त्यांनी लंडनचं गिल्डहॉल विद्यालय गाठलं.

एवढ्या वाद्यांत आवाज बुडत कसा नाही? ओरडून? छे! ओरडून फक्त घसा बसतो (गॅदरिंगनंतरचा दिवस आठवा). गायिका श्वास पोटापासून सांभाळते, घसा सैल ठेवते आणि तोंडाच्या पोकळीत आवाज घुमवते. शिवाय सेकंदाला तीनेक हजार कंपनांच्या आवाजाला आपले कान फार तिखट असतात. ऑर्केस्ट्राचा मुख्य जोर असतो त्याच्या बराच खाली. म्हणजे वर वाट मोकळी! आपल्या संगीत नाटकांतले जुने गायकनटही माईकशिवायच गात. पिटातल्या प्रेक्षकालाही पद ऐकू जायला हवं ना!

इंग्लंडचे संगीतकार जॉन टॅव्हनर (१९४४-२०१३) यांनी रोझारियोंच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना केल्या. 'मेरी ऑफ इजिप्त' हा १९९२चा ऑपेरा, त्यात मेरी झाल्या त्याच. पण मला सगळ्यांत गंमत वाटते ती २००३च्या 'द वेल ऑफ द टेंपल'ची. लंडनच्या बाराव्या शतकातल्या टेंपल चर्चमध्ये ही रचना रात्रभर चालली, सुमारे सात तास! आपल्याकडच्या भजनाच्या जागरासारखीच. त्यात संस्कृत शब्द आहेत आणि चक्क आपली पेटीसुद्धा आहे.

ज्या शिक्षणासाठी लंडनला जावं लागलं, ते इथल्या मुलांना इथंच मिळावं म्हणून २००९ साली रोझारियो आणि त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप यांनी 'गिव्हिंग व्हॉइस टु इंडिया' हा उपक्रम सुरू केला.

आणि दगडी वास्तूत आवाज कसा घुमतो, ते ऐकायला लंडन कशाला? वेरूळचं दहाव्या क्रमांकाचं लेणं, 'सुतार की झोपडी', आहे की! सहलीला गेलात तर कमानदार छताखाली उभं राहून हळूच एक 'सा' लावा. मग गप्प बसा आणि तो किती वेळ रेंगाळतो ते मोजा. सरांना आधी विचारा मात्र!