पाच गोल, पाचशे चव्वेचाळीस मिनिटे

जॉन स्कॉट या आइस हॉकीपटूची कारकीर्द एका ओळीत मावते. नॅशनल हॉकी लीगमध्ये आठ मोसम, सात संघ, २८६ सामने, ५ गोल आणि शिक्षेची ५४४ मिनिटे. गोल पाच आणि शिक्षा हिशेबाने नऊ तासांहून अधिक! आपल्याकडच्या एखाद्या क्रिकेटपटूच्या नावापुढे अशी आकडेवारी असती, तर त्याला दुसऱ्या मोसमात कोणी उभे केले नसते. स्कॉटला मात्र एकामागून एक सात शहरांनी पगार देऊन बोलावले. ते का, हे समजून घेताना मी या खेळात गुंतत गेलो. बर्फावर मी आयुष्यात कधी पाऊल ठेवलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वाचकांपैकी बहुतेकांना ध्यानचंदांची हॉकी ठाऊक असते. हा खेळ तिचा नातलग असला तरी स्वभाव वेगळा. सुमारे ६१ मीटर लांबीच्या बर्फाच्या मैदानावर प्रत्येक बाजूचे सहा जण, गोलरक्षकासह, पायांत स्केट्स घालून उतरतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. ती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मैदानाभोवती सीमारेषा नसून भिंत असते आणि पक ज्याच्यापाशी आहे त्याला अंगाने धडक देणे नियमात बसते. प्रत्येकाच्या हातात काठी, पायात पाते, मागे भिंत. माणूस जायबंदी व्हायला एवढे पुरेसे आहे.

आता खरी गंमत, किंवा खरी खोच. १९१७ साली स्थापन झालेल्या या लीगने १९२२ मध्ये मारामारीसाठी शिक्षा ठरवली ती पाच मिनिटांची. मैदानातून कायमचे हाकलणे नाही, फक्त पाच मिनिटे शिक्षेच्या कोठडीत बसायचे. दोघे भांडले की दोघेही बसतात, त्यामुळे मैदानावर दोन्ही संघांची माणसे तेवढीच राहतात. म्हणजे संघाच्या दृष्टीने मारामारी जवळजवळ फुकट. किंमत मोजायची ती भांडणाऱ्याच्या हाडांनी. या खेळातली हिंसा कॅनडाच्या थंडीतून आली, खेड्यांतून आली, असली स्पष्टीकरणे पुष्कळ वाचायला मिळतात. मला ती फारशी पटत नाहीत. थंडी रशियातही आहे आणि स्वीडनमध्येही, पण तिथल्या स्पर्धांत मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढतात. माझ्या मते मूळ या पाच मिनिटांच्या हिशेबात आहे.

या हिशेबातून एक पेशा जन्माला आला. त्याला एन्फोर्सर म्हणतात; शब्दशः, अंमलबजावणी करणारा. मराठीत मला त्यासाठी ‘पाठराखा’ हा शब्द जवळचा वाटतो. लग्नानंतर सासरी निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण जाते, तिचे काम तिथे नुसते असणे हेच असते. पाठराख्याचेही तसेच. संघातल्या कसबी खेळाडूला कोणी आडदांडपणे धडक दिली, तर त्याचा जाब विचारणारा कोणीतरी बाकावर बसलेला आहे, एवढी जाणीव समोरच्याला असली पाहिजे. एडमंटन संघात वेन ग्रेट्स्की बहरात होता तेव्हा डेव्ह सेमेंको आणि मार्टी मॅक्सॉर्ली हे त्याचे पाठराखे होते. ऑगस्ट १९८८ मध्ये ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला विकले गेले, तेव्हा त्याच सौद्यात मॅक्सॉर्लीही त्याच्याबरोबर गेला. जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूबरोबर पाठवणी झाली ती पाठराख्याची!

या पेशाचे कायदे कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळे ते जाणतात. भांडायचे ते आपल्या तोडीच्या माणसाशी. आधी नजरेने किंवा शब्दाने विचारायचे. तो तयार झाला तरच दोघांनी हातमोजे खाली टाकायचे. काठी वापरायची नाही. पडलेल्याला मारायचे नाही. लिहिलेले नियम त्यामागून धावत आले. बफेलोचा रॉब रे भांडणाच्या ऐन वेळी अंगातली जर्सी भिरकावून द्यायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाताला धरायला काही लागत नसे. म्हणून जर्सी मागून विजारीला पट्टीने बांधण्याची सक्ती आली. १९९२ मध्ये भांडण उकरून काढणाऱ्याची शिक्षा वाढवली गेली. अलिखित कायदा मोडला की काय होते, तेही मॅक्सॉर्लीनेच दाखवले. फेब्रुवारी २००० मध्ये व्हँकुव्हरला त्याने डोनाल्ड ब्रॅशियर या दुसऱ्या पाठराख्याच्या डोक्यावर मागून काठी हाणली. ब्रॅशियर बर्फावर निपचित पडला. मॅक्सॉर्लीला न्यायालयाने दोषी ठरवले आणि या लीगमध्ये तो पुन्हा खेळला नाही.

स्कॉट या वंशातला. जन्म १९८२ चा, एडमंटनचाच. वाढला तो ओंटारिओत. उंची सहा फूट आठ इंच. कोणत्याही संघाने त्याला नवोदितांच्या निवडीत घेतले नाही. मिशिगन टेक विद्यापीठात हॉकी खेळता खेळता त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले. तिथे तो साधा बचावपटू होता. व्यावसायिक हॉकीत, ह्यूस्टनच्या दुय्यम संघात आल्यावर मात्र त्याच्या लक्षात आले, की वर जाण्याचा एकच जिना आहे आणि तो मुठींचा आहे. इंजिनिअरने तो चढायचे ठरवले. मिनेसोटा, शिकागो, न्यू यॉर्क, बफेलो, सॅन होजे, ॲरिझोना, मॉन्ट्रियल. साठ मिनिटांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला पाच-सात मिनिटे यायची. कित्येक सामने तेवढीही नाहीत.

त्याला साधू ठरवण्याचा माझा विचार नाही. सप्टेंबर २०१३ च्या एका सराव सामन्यात बफेलोच्या एका खेळाडूला टोरोंटोच्या माणसाने भांडणात जखमी केले. पुढच्याच क्षणी स्कॉट वळला तो त्या माणसाकडे नव्हे, तर टोरोंटोचा मुख्य गोल करणारा फिल केसेल याच्याकडे. केसेल त्याच्या निम्म्या ताकदीचाही नव्हता. त्याने घाबरून स्कॉटच्या पायांवर काठीचे तडाखे दिले. मग गोलरक्षकांसकट दोन्ही संघ एकमेकांना भिडले. पुढच्याच महिन्यात स्कॉटने लुई एरिक्सनच्या डोक्याला धडक दिली. एरिक्सनच्या मेंदूला मार बसला आणि स्कॉटवर सात सामन्यांची बंदी आली. ‘तोडीच्या माणसाशीच भांडायचे’ हा कायदा किती ठिसूळ आहे, ते या दोन प्रसंगांत दिसते.

पण या पेशाची पूर्ण किंमत पाहायची तर स्कॉटच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहावे लागते. मिनेसोटात स्कॉटचे पहिले दोन मोसम गेले तेव्हा त्या संघाचा मुख्य पाठराखा होता डेरेक बूगार्ड. तोही १९८२ चाच, सस्कॅचवानचा, पोलिसाचा मुलगा. २७७ सामन्यांत ३ गोल. २००६ मध्ये त्याने टॉड फेडोरुकच्या गालाचे हाड अशा रीतीने फोडले, की तिथे धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढच्याच मोसमात फेडोरुक मिनेसोटात आला आणि दोघे एका खोलीत कपडे बदलू लागले. पाठराख्यांत वैर नसते, हे बाहेरच्याला समजायला जड जाते.

बूगार्डचे हात, पाठ, खांदे दुखत; वेदनाशामक गोळ्यांची सवय जडली. २०१० मध्ये न्यू यॉर्कने त्याला मोठा करार दिला. त्याच डिसेंबरमध्ये ओटावाच्या मॅट कार्कनरशी झालेल्या भांडणात डोक्याला मार बसला, तो त्याचा शेवटचा सामना. मे २०११ मध्ये दारू आणि गोळ्यांच्या एकत्र परिणामाने त्याचा मृत्यू झाला. वय २८. घरच्यांनी त्याचा मेंदू बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांना दिला. त्यात सीटीई हा वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा ऱ्हास आढळला, आणि तोही त्या वयात अपेक्षित नसावा इतका पुढे गेलेला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोन पाठराखेही गेले. तिघांपैकी कोणीही चाळिशी गाठलेली नव्हती. नऊ महिन्यांनी न्यू यॉर्कच्या त्याच संघाने शिकागोकडून एक पाठराखा घेतला. तो जॉन स्कॉट होता.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात या लीगच्या सहा हजारांवर खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाठराख्यांत मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघाले नाही, पण जे गेले ते सुमारे दहा वर्षे आधी गेले. कारणांत अमली औषधांचा अतिरेक आणि आत्महत्या वरच्या क्रमांकावर. लीगने दरम्यान, २०१८ मध्ये, निवृत्त खेळाडूंशी सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरची तडजोड केली. दोष मात्र कबूल केला नाही.

हे सगळे लक्षात ठेवून २०१५ च्या हिवाळ्याकडे यावे लागते. लीगच्या वार्षिक ऑल-स्टार सामन्यासाठी तेव्हा प्रेक्षक इंटरनेटवर मत देत. काही टवाळांना वाटले, सगळ्यांत कमी गोलांचा माणूस ताऱ्यांच्या सामन्याचा कर्णधार केला तर? त्यांनी स्कॉटचे नाव पुढे केले. स्कॉटने आपल्याला नको, माझ्या सहकाऱ्यांना मते द्या असे सांगून पाहिले. थट्टा थांबली नाही; मतांत तो पहिला आला. ॲरिझोना संघ आणि लीग यांनी त्याला माघार घ्यायला सुचवले. त्याने नकार दिला. मग जानेवारी २०१६ च्या मध्यावर तीन संघांच्या सौद्यात त्याची मॉन्ट्रियलला बदली झाली आणि मॉन्ट्रियलने त्याला लगेच न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला, दुय्यम संघात पाठवले. वाळवंटातून कॅनडाच्या पूर्व टोकाला. पत्नीला नववा महिना, पोटात जुळी. हा सौदा त्याला सामन्याबाहेर ठेवण्यासाठीच झाला का, याचा लेखी पुरावा कोणाकडे नाही. मला स्वतःला योगायोग वाटत नाही.

सामन्याच्या काही दिवस आधी स्कॉटने आपल्या नावाने एक लेख लिहिला. त्यात त्याने सांगितले, की माघारीचा आग्रह चालू असताना लीगच्या एका माणसाने त्याला विचारले होते: तुझ्या मुलींना या गोष्टीचा अभिमान वाटेल का? त्या प्रश्नावर तो अडून बसला. मला इथे राग येतो तो प्रश्नाच्या वेळेचा. आठ मोसम तो पैसे घेऊन माणसांच्या चेहऱ्यावर ठोसे मारत होता, तेव्हा त्याच्या मुलींना काय वाटेल याची चौकशी कोणी केली नाही. तिकिटे विकली जात होती. काठी घेऊन गोल करायला तो ताऱ्यांच्या पंगतीत बसू लागला, तेव्हा लाज आठवली.

लोकक्षोभापुढे लीग नमली आणि स्कॉटला खेळू दिले. ३१ जानेवारी २०१६, नॅशव्हिल. त्या वर्षी प्रथमच तीन विरुद्ध तीन अशी पद्धत होती. मैदान मोकळे, वेग जास्त, म्हणजे स्कॉटसारख्या जडशीळ माणसाला सर्वांत गैरसोयीची. पहिल्याच मिनिटात त्याने गोल केला. त्याच सामन्यात, एकटा पुढे निसटून, दुसरा. मध्येच शिकागोच्या पॅट्रिक केनशी हातमोजे टाकून लटके भांडणही झाले, दोघेही हसत होते. त्याच्या पॅसिफिक संघाने अंतिम लढत १-० अशी जिंकली. सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी पडद्यावर जी नावे झळकली त्यांत त्याचे नव्हते. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला आणि यादीबाहेरचे ते नाव लिहून लिहून निवडून आणले. एरवी त्याच्या मुठींना भिणाऱ्या ताऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलले.

ज्या टवाळांनी हे सुरू केले त्यांची थट्टा केव्हा गळून पडली, ते नेमके सांगता येत नाही. मला वाटते, तो लेख वाचला तेव्हा. तोपर्यंत स्कॉट हा एक विनोद होता; लेखानंतर तो बिऱ्हाड पाठीवर घेऊन बदलीच्या गावी निघालेला नोकरदार झाला. असा माणूस कोणाला ओळखू येत नाही?

जुळी काही दिवसांत जन्मली. तो सेंट जॉन्सला परतला. एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलने त्याला एका सामन्यासाठी वर बोलावले, तो लीगमधला त्याचा शेवटचा. त्याच डिसेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. तो लीगमध्ये आला त्या २००८-०९ च्या मोसमात सातशेहून अधिक मारामाऱ्या नोंदल्या गेल्या होत्या. दहा वर्षांनी त्या अडीचशेच्या आत आल्या. फक्त मुठींसाठी माणूस ठेवणे संघांनी जवळपास सोडून दिले आहे. पगारावर कमाल मर्यादा आहे, खेळ वेगवान झाला आहे आणि बाकावरची जागा महाग झाली आहे. पाच मिनिटांची शिक्षा मात्र अजून पाच मिनिटांचीच आहे.

नॅशव्हिलला त्याने घातलेले शिरस्त्राण टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमने मागून घेतले. आणि पुढच्या वर्षी मतदान सुरू होण्याआधी लीगने नियमांत एक दुरुस्ती केली: दुय्यम संघात पाठवलेला खेळाडू ऑल-स्टार सामन्यासाठी पात्र राहणार नाही.